जुनी डिझेल एसयूव्ही: घेण्याआधी इंजिन कसं तपासायचं आणि वॉरंटीनंतर मोठं काम निघालं तर काय करायचं

घरात आई-वडील, दोन मुलं, सुट्टीत गावी जाणं, म्हणून सात आसनी डिझेल एसयूव्ही हवी असते. नवीन गाडीची किंमत परवडत नाही आणि सहा-सात वर्षं वापरलेली गाडी निम्म्याच्या आसपास मिळते. हा हिशोब बरोबरच आहे. मीही अशीच गाडी घेतली आणि ती अजून वापरतो. मात्र याच वयात कंपनीची वॉरंटी संपलेली असते आणि टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा भाग), इंजेक्टर (डिझेल फवारणारा भाग), क्लच, डीपीएफ ही महागडी मंडळी काम काढू लागतात. आधुनिक डिझेल इंजिन पूर्ण उघडायची वेळ आली की खर्च लाखांत जातो.

माझ्या गाडीचं मोठं काम निघालं तेव्हा कुठून सुरुवात करायची, कोणाला काय विचारायचं, कोणता कागद जपायचा हे एकत्र सांगणारं कोणी भेटलं नाही. गॅरेज, सर्व्हिस सेंटर, आरटीओ आणि विमा कंपनी अशा फेऱ्यांतून जे कळलं ते इथे क्रमाने देतो. पहिल्या सहा पायऱ्या गाडी घेण्याआधीच्या आहेत, पुढच्या बिघाड झाल्यानंतरच्या. गाडी आधीच दारात उभी असेल आणि चेक इंजिनचा दिवा लागलेला असेल, तर थेट सातव्या पायरीवर जा.

१. गाडीच्या आधी इंजिन ओळखा

आपण मॉडेल बघतो, रंग बघतो, सनरूफ बघतो. तुम्ही आधी दोन गोष्टी विचारा: इंजिन बीएस ४ आहे की बीएस ६ (धुराच्या प्रदूषणाचं भारतीय मानक), आणि टायमिंग बेल्टचं (इंजिनाचे आतले भाग एकमेकांच्या मेळात फिरवणारा पट्टा) आहे की चेनचं.

बीएस ४ देशभर १ एप्रिल २०१७ पासून लागू झालं आणि बीएस ६ हे १ एप्रिल २०२० पासून. डिझेल गाडीच्या बाबतीत हा फरक मोठा आहे. बीएस ६ डिझेलच्या सायलेन्सरमध्ये डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी जाळी असते. साठलेली काजळी गाडी अधूनमधून स्वतः जाळते, त्याला रिजनरेशन म्हणतात. त्यासाठी एक्झॉस्ट साधारण ६०० अंशांपर्यंत तापावा लागतो आणि गाडी काही वेळ सलग वेगात चालावी लागते. रोज चार-पाच किलोमीटर शाळा आणि बाजार एवढंच चाललेल्या गाडीत हे पूर्ण होत नाही. काजळी साचते, शिवाय अर्धवट रिजनरेशनमध्ये फवारलेलं जादा डिझेल इंजिन ऑईलमध्ये उतरतं. ऑईल पातळ होतं, आणि पातळ ऑईलवर चाललेलं इंजिन आतून झिजतं. म्हणून बीएस ६ डिझेलसाठी कमी किलोमीटर हा गुण समजू नका. हायवेवर ८० हजार चाललेली गाडी शहरात ३० हजार चाललेल्या गाडीपेक्षा चांगल्या अवस्थेत असू शकते.

काही जण डीपीएफची कटकट नको म्हणून तो आतून पोकळ करून घेतात आणि सॉफ्टवेअर बदलतात. विकणारा हे अभिमानाने सांगतो, "साहेब, प्रॉब्लेमच काढून टाकलाय." अशी गाडी घेऊ नका. ती बेकायदेशीर आहे आणि पुन्हा मूळ अवस्थेत आणायचा खर्च तुमच्यावर येतो.

बेल्ट आणि चेन यांचं गणित वेगळं. डस्टरचं १.५ लिटर डिझेल बेल्टचं आहे. हॅरियर, सफारी आणि कंपास यांतलं २ लिटर डिझेलही बेल्टचंच. जुन्या डिझेल ब्रेझामधलं १.३ मल्टिजेट मात्र चेनचं. बेल्ट ठरावीक किलोमीटरला किंवा वर्षांना बदलायचा असतो आणि तो आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये छापलेला असतो. तो वेळेत बदलल्याचं बिल नसेल तर बदललाच नाही असं धरा आणि टेन्शनर, आयडलर व वॉटर पंपासकट ते काम किमतीतून वजा करा. चालत्या गाडीत बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवावं लागतं. चेनला अशी मुदत नसते, पण ऑईल वेळेवर बदललं नसेल तर ती ताणली जाते. थंड इंजिन चालू करताच पुढच्या बाजूने दोन-तीन सेकंद खडखड आली तर ती खूण लक्षात ठेवा.

२. कागद मागा

विकणाऱ्याकडून हे घ्या:

- आरसी, आणि एमपरिवहन ॲपवर किंवा परिवहनच्या संकेतस्थळावर दिसणारी तीच माहिती: मालक कितवा, कर्ज नोंद आहे का, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत
- कर्ज फेडलं असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरची कर्जाची नोंद काढण्याचा)
- मालकी बदलासाठी सही केलेले फॉर्म २९ आणि ३०
- दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म २८ वरची एनओसी
- विमा पॉलिसी आणि आधीच्या क्लेमची माहिती
- सर्व्हिसची सगळी बिलं आणि जॉब कार्ड
- दोन्ही चाव्या

यातलं सर्वांत मोलाचं कागदपत्र म्हणजे सर्व्हिसचा इतिहास. अधिकृत सर्व्हिस सेंटर तो सहसा मालकालाच देतं, म्हणून विकणाऱ्याला सोबत घेऊन जा आणि छापील यादी काढून घ्या. त्यात तीन गोष्टी बघा. किलोमीटर दर वेळी वाढत गेलेत का? ६२ हजारांनंतर ४८ हजार दिसले तर मीटर मागे फिरवलेला आहे. दोन सर्व्हिसमध्ये दीड-दोन वर्षांची पोकळी आहे का? आणि एकच तक्रार पुन्हा पुन्हा नोंदवली आहे का? "पिकअप कमी", "कूलंट टॉप-अप", "ऑईल टॉप-अप" हे शब्द तीन जॉब कार्डांवर दिसले, तर तो दोष सुटलेला नाही आणि बहुधा त्याच कारणाने गाडी विकायला निघाली आहे.

चेसी नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो. तो कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून रिकॉल, म्हणजे कंपनीने दोष दुरुस्तीसाठी गाड्या परत बोलावणं, बाकी आहे का ते बघा. रिकॉलचं काम कंपनी फुकट करते आणि मालक बदलला म्हणून तो हक्क जात नाही. पार्ट रिकॉलमध्ये असताना त्याच दुरुस्तीचे पैसे लोक खिशातून भरतात, म्हणून हे आधीच बघून ठेवा.

दिल्ली पासिंगच्या स्वस्त गाड्यांबद्दल एक सूचना. राजधानी परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचे आदेश आल्यापासून तिथल्या गाड्या आपल्याकडे कमी भावात येतात. इथे नोंदणी करताना महाराष्ट्राचा कर पुन्हा भरावा लागतो. तो हिशोबात धरल्यावर स्वस्ताई किती उरते ते बघूनच पुढे जा.

३. इंजिन थंड असतानाच बघा

आदल्या दिवशी फोन करून सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोहोचताच बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर का तापवली ते विचारा, पटेल असं उत्तर मिळालं नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा. थंड इंजिन लपवू शकत नाही अशा बऱ्याच गोष्टी गरम इंजिन लपवतं.

डिपस्टिक काढा. डिझेलचं ऑईल काळं असणं नैसर्गिक आहे, त्याने घाबरू नका. पातळी बघा. कमाल खुणेच्या बरीच वर असेल आणि ऑईलला डिझेलचा वास असेल तर रिजनरेशनचं डिझेल आत उतरतंय. पातळी किमान खुणेच्या खाली असेल तर इंजिन ऑईल खातंय किंवा गळतंय. ऑईल भरायच्या झाकणाच्या आत दुधाळ, कॉफीसारखा थर असेल तर पाणी आणि ऑईल मिसळतंय. कूलंटच्या टाकीत तेलकट तवंग असेल तर हेड गॅस्केट किंवा ऑईल कूलर यांपैकी काहीतरी गेलंय.

आता गाडी चालू करायला सांगा आणि तुम्ही मागे उभे राहा. धुराचा रंग बघायचा:

- निळसर धूर: ऑईल जळतंय. रिंगा, व्हॉल्व्ह सील किंवा टर्बोचं सील.
- काळा धूर: हवा कमी किंवा डिझेल जास्त. एअर फिल्टर, ईजीआर (जळलेल्या वायूचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), टर्बोचा फाटलेला होज, इंजेक्टर.
- दाट पांढरा धूर, गरम झाल्यावरही न थांबणारा: कूलंट आत जातंय किंवा डिझेल न जळता बाहेर येतंय. थंडीच्या सकाळी सुरुवातीला थोडी वाफ दिसणं ठीक.

चालू इंजिनावर ऑईलचं झाकण सैल करून तिथेच ठेवा. हलकी वाफ आणि थोडी थरथर चालेल. झाकण उडायला लागलं, धूर जोरात फुसफुसत आला, तर मिस्त्रींच्या भाषेत इंजिन ब्लो-बाय मारतंय. म्हणजे रिंगांमधून दाब खाली उतरतोय. अशी गाडी मी कोणत्याही किमतीला घेऊ नका असंच सांगेन.

४. स्कॅनर लावा

ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारं यंत्र, हजार-दीड हजारांत मिळतो आणि मोबाइलवर चालतो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावा. कोड आले तर लिहून घ्या. डिझेल एसयूव्हीत वारंवार दिसणारे काही कोड हे:

- पी ०२९९: टर्बोचा दाब कमी
- पी ०४०१: ईजीआरचा प्रवाह कमी
- पी २४६३: डीपीएफमध्ये काजळी साचली
- पी ००८७: इंधन रेलमधला (इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला) दाब कमी
- पी ००१६: क्रँक आणि कॅम यांचा मेळ नाही, चेन किंवा बेल्ट तपासा

कोड म्हणजे निदान नाही, कुठे बघायचं त्याची दिशा आहे. पी ०२९९ आला म्हणून टर्बो गेला असं नसतं. बऱ्याचदा एखादा फाटलेला पाइप निघतो.

आता सापळा. एकही कोड नसणं याचे दोन अर्थ होतात: गाडी निरोगी आहे, किंवा तुम्ही यायच्या आधी कोणीतरी कोड पुसले आहेत. ॲपमध्ये रेडिनेस मॉनिटर नावाची यादी असते. त्यातल्या बऱ्याच चाचण्या "अपूर्ण" दिसल्या तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी नुकतीच काढलेली आहे. अशा वेळी टेस्ट ड्राइव्ह लांब घ्या आणि शेवटी पुन्हा स्कॅन करा.

५. घाटात चालवा

सोसायटीभोवती दोन फेऱ्या मारून डिझेल इंजिनाबद्दल काहीच कळत नाही. पुण्यात असाल तर कात्रज किंवा खंबाटकी, चिपळूणकडे असाल तर कुंभार्ली, कोल्हापूरकडे आंबा. घरचे चार जण बसवा, एसी चालू ठेवा, चढ चढवा. गाडीचा खरा उपयोग असाच होणार आहे.

चढावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की टर्बोने दोन हजार आरपीएमच्या आसपास ओढायला हवं. आरपीएम वाढतोय पण वेग वाढत नसेल तर क्लच घसरतोय. या गाड्यांत बऱ्याचदा क्लचसोबत ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनाचे धक्के शोषणारं दुहेरी चाक) असतं आणि ते जोडीने बदलायची वेळ आली की बिल नुसत्या क्लचच्या कितीतरी पट होतं. स्कॅनरवर कूलंटचं तापमान बघत राहा. ८५ ते ९५ अंशांच्या आसपास स्थिर असेल तर उत्तम. चढावर १०५ च्या पुढे चढतच गेलं तर थांबा.

घाट चढून झाल्यावर गाडी मिनिटभर आयडल ठेवा, मग बंद करा आणि खाली वाकून बघा. गळती गरम आणि दाबाखालच्या इंजिनातच दिसते.

पुराच्या पाण्यात राहिलेली गाडीही याच वेळी ओळखा. २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा पूर, २२ जुलै २०२१ चं चिपळूण, अशा प्रत्येक पुरानंतर बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यांत विकल्या जातात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते. सीटच्या रुळांवरचा गंज, स्टेपनीच्या खोबणीतला वाळलेला चिखल आणि कार्पेटखालचा कुबट वास हे सहसा कोणी साफ करत नाही.

६. पैसे देण्याआधी दोन कामं

पहिलं, विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या मिस्त्रीकडून तपासणी. कोणता मिस्त्री? त्याच इंजिनाची कामं रोज करणारा. टॅक्सी-टुरिस्ट चालवणाऱ्या चार जणांना विचारा, ते ज्याचं नाव घेतील तो. त्याच्याकडून इंजेक्टरची लीक-ऑफ चाचणी करून घ्या. प्रत्येक इंजेक्टरमधून परतणारं डिझेल बाटलीत मोजतात, ज्याची बाटली लवकर भरते तो झिजलेला. शंका असेल तर कॉम्प्रेशनही (प्रत्येक सिलेंडरमध्ये तयार होणारा दाब) मोजून घ्या; सिलेंडरा-सिलेंडरांत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर कारण सापडेपर्यंत पैसे देऊ नका.

दुसरं, सगळं लेखी. डीलरकडून घेत असाल तर जीएसटीसह बिल, त्यावर किलोमीटर, आणि "सहा महिने इंजिन-गिअरबॉक्स वॉरंटी" म्हणत असतील तर तिच्या अटी छापील. त्या अटींत इंजेक्टर, टर्बो, क्लच, डीपीएफ वगळलेले असतात का ते बघा, कारण बहुधा तेच वगळतात. कंपनीची वाढीव वॉरंटी शिल्लक असेल तर ती तुमच्या नावावर करून घेण्याची मुदत आणि फी सर्व्हिस सेंटरला विचारा.

राज्यातल्या राज्यात मालकी बदलल्याचं विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमाही १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करा. थर्ड पार्टी संरक्षण नव्या मालकाकडे आपोआप येतं, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर असेल तर नाकारला जातो. ही चूक इतकी सर्रास होते की मी ओळखीच्या प्रत्येकाला याची तारीख कॅलेंडरवर लिहायला लावतो.

७. बिघाड झाला: पहिली दहा मिनिटं

मोठ्या बिलांतला मोठा हिस्सा मूळ दोषामुळे नसतो. दोष दिसल्यानंतर गाडी तशीच पुढे नेल्यामुळे तो वाढतो.

लाल ऑईलचा दिवा लागला तर बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद करा. "पुढच्या पंपापर्यंत" नाही. ऑईलचा दाब नसताना बेअरिंग आणि क्रँक काही मिनिटांत खराब होतात.

तापमानाचा काटा चढला तर एसी बंद करा, सुरक्षित जागी थांबा, इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, उकळतं कूलंट तोंडावर येतं. गरम इंजिनावर गार पाणीही ओतू नका; हेडला तडा जाऊ शकतो.

पिवळा चेक इंजिनचा दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल तर हळू चालवत गॅरेज गाठता येतं. डीपीएफचा दिवा असेल आणि दुसरा कोणताही नसेल, तर आधी ऑईलची पातळी बघा आणि गाडी हायवेवर पंधरा-वीस मिनिटं सलग वेगात चालवा, बऱ्याचदा दिवा जातो. दुर्लक्ष केलं तर पुढे सर्व्हिस सेंटरला जबरदस्तीचं रिजनरेशन करावं लागतं आणि शेवटी डीपीएफ बदलावा लागतो.

पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. पाणी दाबलं जात नाही. सिलेंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी टो करूनच न्या.

एक दुर्मिळ पण भीतीदायक प्रकार माहीत असू द्या. टर्बोचं सील फुटलं की डिझेल इंजिन स्वतःच्याच ऑईलवर धावू लागतं, आरपीएम वाढत जातो, दाट धूर येतो आणि चावी बंद केली तरी थांबत नाही. मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक घट्ट दाबून, वरच्या गिअरमध्ये टाकून क्लच सोडा, इंजिन गुदमरून थांबतं. ते जमलं नाही तर सगळ्यांना उतरवून लांब न्या.

८. निदान आधी, दुरुस्ती नंतर

सर्व्हिस सेंटरमधून फोन येतो: "सर, इंजिन उघडावं लागेल." या क्षणी होकार देऊ नका. विचारा, कोणती चाचणी केली आणि तिचा आकडा काय आला?

माझ्या गाडीला पिकअप नव्हता आणि पांढरा धूर होता. एका ठिकाणी मला हाफ इंजिनचं, म्हणजे इंजिनाचा खालचा अर्धा भाग बदलायचं, एस्टिमेट दिलं, तेही कॉम्प्रेशन न मोजता. मी चाचण्या लेखी मागितल्या. कॉम्प्रेशन चारही सिलेंडरांत सारखं निघालं, लीक-ऑफमध्ये एक इंजेक्टर गेलेला दिसला आणि त्याच्याच तळाचं तांब्याचं वॉशर गळत होतं. काम तेवढ्यावर भागलं. प्रत्येकाचं असं होईल असं मी म्हणत नाही, काही वेळा इंजिन खरंच उघडावं लागतं. पण आकडा बघितल्याशिवाय उघडू देऊ नका.

कोणत्या तक्रारीला कोणती चाचणी मागायची:

- पिकअप नाही: बूस्ट होजची गळती, टर्बोचा दाब, डीपीएफच्या दोन्ही बाजूंचा दाबफरक
- कूलंट कमी होतंय, गळती दिसत नाही: कूलिंग सिस्टिमची प्रेशर टेस्ट, कूलंटमध्ये एक्झॉस्टचा वायू आहे का याची चाचणी
- ऑईल खातंय: कॉम्प्रेशन, लीक-डाऊन (सिलेंडरमधून हवा किती गळते ते), टर्बोच्या पाइपमध्ये ऑईल
- सकाळी उशिरा चालू होतं: ग्लो प्लग (थंड सिलेंडर तापवणारे), रेलमधला दाब, लीक-ऑफ
- ठोके येतात: ऑईलचा दाब गेजने मोजणे, ऑईल फिल्टर कापून आत धातूचे कण बघणे

९. एस्टिमेट कसं वाचायचं

किमान दोन एस्टिमेट घ्या, एक अधिकृत आणि एक बाहेरचं. प्रत्येकात पार्ट नंबर, लेबर, मशीनिंग आणि जीएसटी वेगळे लिहून मागा. इंजिन उघडल्यावर तुम्ही काम रद्द केलंत तर उघडण्या-बसवण्याचं लेबर किती लागेल तेही आधीच लेखी घ्या. उघडलेली गाडी तिथून हलवता येत नाही आणि त्यानंतर तुमच्या हातात घासाघीस करायला काही राहत नाही.

"असेंब्ली" हा शब्द दिसला की थांबा. पूर्ण ईजीआर असेंब्ली हवी आहे की साफ करून चालेल? पूर्ण टर्बो हवा की कोअर (टर्बोचा आतला फिरता भाग) बदलून भागेल? पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर चौकशी केली की पार्टच्या भावाचा अंदाज येतो. जुना इंजेक्टर किंवा जुना टर्बो बिलाशिवाय घेऊ नका.

टर्बो बदलत असतील तर तो का गेला हे विचाराच. ऑईलचा पाइप काजळीने चोंदलेला असेल आणि तोच पुन्हा बसवला तर नवा टर्बोही जातो. इंजेक्टर बदलला तर त्यावरचा कोड इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदवून घ्या, नाहीतर इंजिन खडखडतं. हेड उतरवलं तर ते सपाट आहे का मोजून, तडा तपासूनच बसवायला सांगा. मशीनिंग चांगल्या ठिकाणी होणं महत्त्वाचं. कोल्हापूरच्या उद्यमनगरसारख्या भागांत पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करणारी वर्कशॉप आहेत.

ब्लॉक, म्हणजे सिलेंडर असलेलं इंजिनाचं मुख्य धड, बदलायची वेळ आली तर लक्षात ठेवा, इंजिन नंबर ब्लॉकवर असतो. तो बदलला की आरटीओची परवानगी आणि आरसीवर नवी नोंद लागते. जुनं इंजिन विकत घेऊन बसवत असाल तर त्याचं बिल आणि ज्या गाडीतून निघालं तिचे कागद हवेतच. ते नसतील तर ते इंजिन चोरीच्या गाडीचं नाही हे तुम्ही सिद्ध करू शकणार नाही.

काढलेले सगळे पार्ट परत मागा. जॉब कार्डवर तसं सुरुवातीलाच लिहा. ते पुढे पुरावा म्हणून लागतात.

१०. खर्च कोणी वाटून घेईल का?

वॉरंटी संपली म्हणजे सगळे दरवाजे बंद झाले असं नाही. वॉरंटी नुकतीच संपली असेल, सगळ्या सर्व्हिस अधिकृत ठिकाणी वेळेवर झाल्या असतील आणि दोष त्या वयात अपेक्षित नसेल, तर कंपन्या गुडविल म्हणून, बांधील नसतानाही, पार्टच्या किमतीचा काही हिस्सा उचलतात. हे कोणी आपणहून सांगत नाही. सर्व्हिस ॲडव्हायझरशी वाद घालून उपयोग नाही, त्याच्या हातात ते नसतं. कंपनीच्या ग्राहक विभागाला आणि विभागीय सर्व्हिस मॅनेजरला ईमेल करा: चेसी नंबर, किलोमीटर, सर्व्हिसच्या तारखा, चाचण्यांचे आकडे, एस्टिमेट. हाच दोष वॉरंटीत असताना नोंदवलेला असेल तर ते जॉब कार्ड सर्वांत वर जोडा. तुमची बाजू त्याच्याइतकी भक्कम दुसऱ्या कशाने होत नाही.

विमा? साधी सर्वसमावेशक पॉलिसी झीज आणि यांत्रिक बिघाड भरून देत नाही. पाणी शिरून किंवा खालून दगड लागून ऑईल गळाल्याने झालेलं इंजिनाचं नुकसान इंजिन प्रोटेक्ट ॲड-ऑन असेल तर मिळू शकतं, पण बऱ्याच कंपन्या ते ठरावीक वयापर्यंतच्याच गाडीला देतात. क्लेम करायचा असेल तर सर्व्हेअर येईपर्यंत इंजिन उघडू देऊ नका.

११. फसवणूक झाली असेल तर

डीलरने दोष लपवला, मीटर फिरवला, पुराची गाडी विकली किंवा दिलेली वॉरंटी नाकारली, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ तुमच्या बाजूने आहे. खासगी मालकाकडून थेट घेतली असेल तर हा मार्ग सहसा चालत नाही. तिथे दिवाणी दावा किंवा पोलीस तक्रार उरते. डीलरकडून थोडी महाग पण बिलासह गाडी घेणं बहुतेक नव्या लोकांसाठी चांगलं असं मी म्हणतो, ते यामुळेच.

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. मग पंधरा दिवसांची मुदत देऊन लेखी नोटीस, रजिस्टर्ड पोस्टाने. त्याने झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे जाता येतं. ५ लाखांपर्यंत फी नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४०० रुपये. तक्रार ऑनलाइन करता येते, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, आणि वकील सक्तीचा नाही. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं.

आयोगापुढे "गाडी खराब आहे" एवढं पुरत नाही. दोष विक्रीच्या वेळी होता हे दाखवावं लागतं. म्हणून गाडी उघडण्याआधी चार्टर्ड इंजिनिअर किंवा परवानाधारक सर्व्हेअरकडून फोटोंसह अहवाल घ्या, आणि डीलरला तपासणीला हजर राहण्याची लेखी सूचना द्या. तो आला नाही तरी तुम्ही संधी दिली होती हे नोंदलं जातं. सोबत जाहिरातीचा स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, बिल, बँकेचा व्यवहार, सर्व्हिसचा इतिहास आणि काढलेले पार्ट.

१२. काम झाल्यावर

गाडी ताब्यात घेताना पुन्हा स्कॅन करा आणि तोच घाट पुन्हा चढवा. बिलावर दुरुस्तीची वॉरंटी महिन्यांत आणि किलोमीटरमध्ये लिहून घ्या. रिंग-पिस्टनचं काम झालं असेल तर पहिले हजार किलोमीटर जोर लावू नका, एकाच वेगात तासन्‌तास चालवू नका, आणि त्यानंतर ऑईल व फिल्टर लगेच बदला. नव्या भागांचे बारीक कण त्या ऑईलमध्ये असतात.

डीपीएफवाल्या इंजिनात मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या दर्जाचंच ऑईल घाला, बहुधा ते सी ३ (कमी राखेचा दर्जा) असतं. साध्या डिझेल ऑईलची राख डीपीएफमध्ये बसते आणि राख रिजनरेशनने जळत नाही. कॅनवरचा दर्जा स्वतः वाचा, रिकामा कॅन मागून घ्या, आणि दर दुसऱ्या रविवारी सकाळी, गाडी चालू करण्याआधी, डिपस्टिक आणि कूलंटची पातळी बघून वहीत तारखेसह लिहा. पातळी हलू लागली की त्याच आठवड्यात मिस्त्रीकडे जा.